चहाच्या चोथ्याचं गाव

आज बाल्कनीत बायकोने वर्तमानपत्रावर चहाचा चोथा वाळत घातलेला दिसला. मी सांगितलंही नव्हतं.

टेबलावरच्या छोट्या रेल्वेभोवती मी पुठ्ठ्याचं गाव उभारतोय, त्याची माती म्हणजे हा चोथा. पहिल्यांदा मी तो घाईघाईत ओलाच चिकटवला आणि स्टेशनापासून देवळापर्यंत बुरशी आली. तेव्हापासून वाळवायचं काम तिने आपणहून घेतलंय.

म्हणजे या गावाची जमीन आम्ही समोरासमोर बसून प्यायलेल्या चहाची. अबोला असतानाचे चहासुद्धा त्यातच मिसळलेत.

“अहो, एवढं गाव केलंत, चहाची टपरी कुठंय?” तिने विचारलं.

खरंच की! लगेच काड्यापेटीची टपरी केली. समोरच्या बाकावर आम्हा दोघांसारखी दोन माणसं बसवली. गाडी येईल, जाईल. ती काही उठणार नाहीत.