कसब्यातलं बंद बटण

"हे बटण कुणी बंद केलं?"

आतल्या खोलीतून माझी बायको ओरडली आणि अख्ख्या कसबा पेठेतले भाऊबीजेचे फटाके त्या आवाजापुढे सादळलेले निघाले. शनिवारवाड्यावरची कबुतरं उडून थेट वारज्याला गेली म्हणतात. मी बाहेरच्या खोलीत पाटावर बसलो होतो. डोक्यावर टोपी, कपाळावर कुंकू, कुंकवावर अक्षता, समोर ताई निरांजनाचं तबक घेऊन उभी. आणि माझ्या कमरेची डबी टूं टूं करत होती.

या डबीचं आधी सांगतो. माझ्या हृदयाने मागे राजीनामा दिला होता. डॉक्टरांनी तो नामंजूर केला आणि त्याच्या मदतीला छातीत एक पंप बसवला. त्याची वायर पोटातून बाहेर येते ती या डबीत, आणि डबीला दोन बॅटऱ्या. त्या जाकिटाच्या दोन खिशांत घालून मी गावभर हिंडतो. झोपताना मात्र भिंतीतल्या विजेवर. पंप सलग फिरतो, त्यामुळे माझी नाडी हाताला लागत नाही. एका वैद्यबुवांनी माझं मनगट बराच वेळ धरलं, मग हळूच खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या तसबिरीला नमस्कार केला. मी म्हणालो, "फी जिवंत माणसाचीच घ्या, चालेल."

पंपाला खायला प्यायला काही लागत नाही, फक्त वीज लागते. वारज्यात वीज गेली की लोक मेणबत्ती शोधतात. आमच्याकडे युद्ध जाहीर होतं. इन्व्हर्टर आहे, तो बंद पडला तर गाडीतून घ्यायची सोय आहे, वीज कंपनीच्या ऑफिसात डॉक्टरांचं पत्र देऊन झालंय. दिवाळीचा फराळ आमच्या घरून आधी वायरमनकडे जातो, मग देवापुढे.

अशा माणसाला कोकणात जायचं होतं. माझ्या मावसभावाचं घर अगदी समुद्राला लागून आहे. पाण्यात उतरायची मला मनाई आहे, पण वाळूत खुर्ची टाकून समुद्राकडे बघायला कुणाची परवानगी लागत नाही, असं मला वाटत होतं. ती बायकोची लागते. ती म्हणाली, "त्या गावात कावळा तारेवर बसला तरी लाइट जाते. आधी ताईंकडे भाऊबीजेला एक रात्र राहून दाखवा. काही झालं नाही, तर कोकणाचं बघू."

म्हणजे वारजे ते कसबा पेठ ही माझी प्रवेश परीक्षा. ऑपरेशननंतर मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. तयारी अशी, की ध्रुवावर निघालेली माणसंसुद्धा आमच्याकडे शिकवणीला आली असती. जास्तीची डबी, जास्तीच्या वायरी, चार्जर, बॅटऱ्यांची दुसरी जोडी, ताईकडे भाड्याने आणून ठेवलेला इन्व्हर्टर, आणि वर चकलीचा भलामोठा डबा. सामान बघून रिक्षावाला म्हणाला, "विमानतळ ना?" मी म्हणालो, "कसबा पेठ." त्याने मीटर टाकलं आणि म्हणाला, "परत कधी येणार?"

रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि बायको दर वेळी ओरडत होती, "डबा तिरपा करू नका." डेक्कनला मी झाकणाला जरासा हात लावला, तर तिने तो झटकला. मला वाईट वाटलं. माझ्या पंपापेक्षा चकलीची काळजी जास्त.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. जन्मभर दोनच गोष्टी केल्या: मुलांचे मार्क कापले आणि दिवे बंद केले. तुम्ही पाणी प्यायला उठलात, तर परत येईपर्यंत तुमचा पंखा थांबलेला असतो. अंगणात काजवा दिसला तरी हे त्याचं बटण शोधतील.

रात्र मात्र छान गेली. मी भिंतीच्या विजेवर झोपलो आणि बायको अंथरुणावर अशी बसून राहिली की भावोजींची त्या बटणाकडे फिरकायची छाती झाली नाही. वीज डोळा मिटण्यापुरतीही गेली नाही. सकाळी मी ताज्या बॅटऱ्या अंगावर चढवल्या, आदल्या दिवशीच्या उतरवलेल्या बायकोने आत चार्जरला लावल्या, आणि भावोजींबरोबर मी मंडईत सीताफळं निवडत फिरलो. परीक्षा पास झाल्यातच जमा होती. संध्याकाळी बॅटऱ्या बदलायची वेळ आली तेव्हा ताई म्हणाली, "आधी ओवाळून घेते रे." मी बसलो पाटावर, आणि डबीने पिवळा दिवा लावून आरडाओरडा सुरू केला. पिवळा म्हणजे अजून थोडा वेळ आहे. बायको भरलेली जोडी आणायला आत गेली. जोडी रिकामीच. चार्जरचं बटण बंद.

मला पंपाची भीती नाही वाटली, भिंतीतली वीज हाताशी होती. माझ्या डोळ्यांसमोरून समुद्र हळूहळू मागे सरकत गेला, पार आफ्रिकेपर्यंत.

भावोजी आरामखुर्चीतून न उठता म्हणाले, "मी केलं. खोलीत कुणी नव्हतं."

"भावोजी, यांचा जीव चार्ज होत होता तिथे."

"मग यांनी त्या खोलीत बसायचं."

ताई तबक धरून तशीच. "अगं वहिनी, अर्ध्यावर थांबवू का?"

"थांबू नका," बायको म्हणाली, "आणि अहो, तुम्ही उठू नका." तिने चकलीचा डबा ओढला, झाकण उघडलं, आणि जुन्या साडीच्या घडीतून बॅटऱ्यांची तिसरी जोडी बाहेर काढली. पूर्ण भरलेली. डब्यात चकली नावालाही नव्हती.

"हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या जोडीकडे बघितलंसुद्धा नसतं."

मग ताई ओवाळत राहिली आणि बायको माझ्या खिशांत हात घालून बॅटऱ्या बदलत राहिली. एक काढायची, नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. दोन्ही एकदम काढल्या तर ताईला पुढच्या वर्षी फोटोला ओवाळावं लागेल. डबी गप्प झाली. निरांजन विझलं नाही. मी ताईच्या तबकात साडी ठेवली आणि बायकोकडे बघितलं. आता निकाल.

ती रिकामा डबा पुसत होती. म्हणाली, "ज्या घरात वीज असून गेली, तिथे निभावलं. कोकणात निदान ती गेली की कळतं तरी. जाऊ या आपण. डबा मात्र माझ्या मांडीवर."

मला इतका आनंद झाला, की मी भावोजींनाही आमंत्रण देऊन टाकलं. "तुम्हीही चला आमच्याबरोबर. समुद्र आहे, मासे आहेत."

भावोजींनी उठून ओट्यावरचा दिवा बंद केला आणि परत खुर्चीत बसले.

"तिथे वीज आपली आपणच जाते," ते म्हणाले. "माझं काय काम?"