गावापुरता परवाना

आई गेल्यानंतर चौथ्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आले. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ आणि माझ्यासाठी सुती साड्या. त्या मी ऑकलंडच्या थंडीत कुठे नेसणार होते, देव जाणे. पासपोर्टाच्या पाकिटात मात्र पासपोर्टाला चिकटून त्यांचा बंदुकीचा परवाना होता.

"हा इथे कशाला आणलात?"

"सरकारी कागद आहे. बंद घरात टाकून येऊ?" अण्णा म्हणाले. बंदूक ते निघताना रीतसर पोलीस ठाण्यात जमा करून आले होते.

अण्णा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात त्यांची एकनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी. रानडुकरं आणि वानरं काही ठेवत नसत. तरी अण्णांनी मारलेल्या डुकरांपेक्षा हवेत काढलेले बारच जास्त. परवाना होता गावापुरता. शेजारच्या तालुक्यात बंदूक न्यायची तरी वेगळी परवानगी लागे आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागे. जमा करायला जाताना अण्णा इस्त्रीचा सदरा घालत. मला लहानपणी वाटायचं, बंदुकीचं कुणीतरी लग्न ठरवलंय.

तर एका शनिवारी मी त्यांना घेऊन जंडल्स, म्हणजे रबरी चपला, आणायला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे मासेमारीच्या गळांच्या मागे भिंतीवर बंदुका ओळीने लावलेल्या. अण्णा तिथेच थबकले. एक हलकी बंदूक बघून म्हणाले, "ही घेऊन गेलो तर? आपली आता खांद्याला जड होते." दुकानदार हसतमुख माणूस. त्याने सांगितलं की इथला परवाना असल्याशिवाय तो बंदूक विकू शकत नाही. पाहुण्यालाही पोलिसांकडून वर्षभराचा परवाना मिळू शकतो, पण आधी तो, मग खरेदी. अण्णांनी खिशातून आपला परवाना काढून दाखवला. दुकानदाराने तो दोन्ही हातांनी धरून आदराने पाहिला, उलटा, आणि परत दिला.

घरी आल्यावर ही गोष्ट शेजाऱ्याच्या कानावर गेली. शेजारी बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी पुकेकोहे गावाच्या पुढे भावाच्या शेतावर सशांची शिकार करायला जायचा. कुंपणावरूनच म्हणाला, "विकत घ्यायचं राहू दे ना. पुढच्या शनिवारी पाठव त्यांना माझ्याबरोबर. माझी बंदूक, मी बाजूलाच उभा असेन. स्वीट ॲज, काही अडचण नाही!"

अण्णांचा चेहरा असा खुलला की मला आईच्या हयातीतले अण्णा आठवले. "नुसती हातात धरायला मिळाली तरी पुरे," ते म्हणाले.

आणि मी मध्ये पडले. "नाही हं, अण्णा. परवान्याशिवाय हात लावायचा नाही. हा माणूस चांगला आहे, पण या लोकांना सगळंच 'नो वरीज' असतं. उद्या काही झालं तर आपण बाहेरचे." पुन्हा परीक्षा देऊन फार्मसिस्टची नोंदणी मिळवली होती मी, नवरा हॅमिल्टनला नोकरीला, आठवड्यातून दोन दिवस घरी. ताकही फुंकून पिण्याचे दिवस होते ते. शिवाय आपल्याकडे कागदाशिवाय काही करता येतं यावर आपला विश्वासच नसतो. मी शेजाऱ्याला एकदाही विचारलं नाही की इथला कायदा काय आहे. मीच ठरवलं, कायदा म्हणजे 'नाही'.

पण हे अर्धंच कारण होतं.

अण्णा विसरायला लागले होते. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले की कधी दूध विसरत, कधी घर. एकदा डेअरीवालीनेच हात धरून आणून सोडलं. ती आपल्या गुजरातची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "बेन, अंकलला एकटं नको सोडू." गॅसवर चहा उकळून उकळून भांडं जळायचं. आणि एकदा दुपारी झोपेतून उठून त्यांनी आईला हाक मारली. दुसऱ्या हाकेला थोडे चिडून. मी दिवसभर औषधांच्या दुकानात अशाच म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजून देत होते. मला कुणी सांगायला नको होतं. पण चिपळूणला असलेल्या माझ्या भावाला मी हे सांगितलं नाही, नवऱ्यालाही अर्धवट सांगितलं, आणि अण्णांना तर नाहीच.

म्हणून परवान्याचा आग्रह. त्यांच्या हातात बंदूक मला नको होती आणि तोंडावर 'नको' म्हणायची हिंमत नव्हती. म्हटलं, पोलीस काय ते म्हणतील. नाही म्हणायचं काम सरकारने करावं, आपण तोंड गोड ठेवावं.

अर्ज केला. अण्णांनी सही पोस्टात करायचे तशी केली, खाली रेघ मारून. काही दिवसांनी पोलिसांचा माणूस घरी आला, केस पिकलेला, स्वेटर घातलेला. गणवेश नाही म्हणून अण्णा जरा हिरमुसले. त्यांनी त्याच्यासाठी इस्त्रीचा सदरा घातला होता. दोघं छान बोलले. रानडुकराच्या कोणत्या बाजूला उभं राहावं हे अण्णांनी त्याला उभं राहून दाखवलं. तो मनापासून हसला. मला वाटलं, आता हा परवाना देऊनच जाणार.

मग तो मला म्हणाला, "तुमच्याशी जरा एकटीशी बोलायचंय. अर्जदार ज्यांच्या घरी राहतो त्यांना आम्ही वेगळं विचारतो."

हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे परवाना देताना पोलीस गावातल्या प्रतिष्ठितांना विचारतील, पाटलाला विचारतील. घरातल्या लेकीसुनेला विचारायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि विचारलंच, तर लेक काय सांगणार हेही ठरलेलं. घरची गोष्ट पोलिसाला सांगायची नाही, हे मला अण्णांनीच शिकवलेलं.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत ताटं सरकवायला भिंतीत एक खिडकी होती. ती उघडी होती, आणि ती उघडी आहे हे मला दिसत होतं.

"त्यांच्या हातात बंदूक असू नये असं वाटण्यासारखं काही कारण?" त्याने सावकाश, स्पष्ट विचारलं. परक्या देशातल्या बाईला कळावं म्हणून.

मीही सावकाश, स्पष्ट इंग्रजीत उत्तर दिलं. "ते विसरतात. रस्ता विसरतात, गॅस विसरतात. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या आईला हाक मारली. ती चार वर्षांपूर्वी गेली."

अण्णांनी तीस-पस्तीस वर्षं सरकारचं इंग्रजी वाचलं होतं. सावकाश बोललेलं इंग्रजी त्यांना अक्षरन् अक्षर कळायचं.

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. त्या माणसाने काही लिहिलं नाही, फक्त मान हलवली. मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथे तो हळू आवाजात म्हणाला, "परवाना काही मिळणार नाही, सॉरी. पण त्यांना एखाद्या दिवशी हौस भागवायची असेल, तर परवानेवाला माणूस अगदी बाजूला उभा असला की झालं. त्याला वेगळा कागद लागत नाही."

म्हणजे शेजारी बरोबर होता. एका शनिवारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून, अण्णांनी दोन बार काढले असते आणि ससे नेहमीप्रमाणे पळून गेले असते. कुणी कुणाला काही विचारलं नसतं. मी कायद्याची शिस्त पाळत पाळत वडिलांना पोलिसासमोर उभं केलं, आणि तिथे कायद्याने मलाच साक्षीला बोलावलं. मला स्वतःची इतकी चीड आली की फाटकाची कडी लावता येईना.

आत येऊन मी उसन्या उत्साहाने म्हटलं, "अण्णा, शनिवारी जाऊया हं शेतावर! चालतं म्हणे."

"नको गं," ते म्हणाले. "त्याला उगीच माझ्यावर लक्ष ठेवत बसावं लागेल."

पुढे त्यांनी मला एकदाही जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. मी रडले असते, ते ओरडले असते, काहीतरी मिटलं असतं. त्याऐवजी ते परवानगी मागायला लागले. "चहा ठेवू का?" "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ का?" ज्या माणसाने पंचक्रोशीचं टपाल सांभाळलं, तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून गॅस पेटवायची परवानगी मागत होता. मी "अण्णा, असं काय विचारता?" म्हणायची आणि मग त्यांच्या मागोमाग जाऊन गॅस बंद झाला का ते बघायची. त्यांना ते दिसत असे.

ठरल्या दिवशी ते परत गेले. महिन्याभराने भावाचा फोन आला. बंदूक सोडवून आणायला तो अण्णांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला होता. तिथे अण्णांनी परवाना टेबलावर ठेवला आणि बंदूक नको, परवाना रद्द करा म्हणून सांगितलं. फौजदार ओळखीचा. त्याने समजावलं, "अहो मास्तर, वाडवडिलांची वस्तू. तुम्ही तर ठणठणीत दिसता."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, 'नाही, मला विसरायला होतं. माझ्या मुलीने न्यूझीलंडच्या पोलिसांना तशी जबानी दिली आहे. ती औषधांतली आहे, ती चुकीचं बोलणार नाही.'" मग भावाने विचारलं, "कसली जबानी दिलीस तू? आणि आम्हाला का नाही बोललीस?"

चुकीचं बोलले नव्हतेच मी. पण ते त्यांच्याजवळ बसून, त्यांचा हात धरून, मराठीत बोलायचं होतं. तेवढं मला जमलं नाही, आणि पुढे दोन वर्षांनी मी गावी गेले तेव्हा ते ऐकून समजून घेतील असे अण्णा उरले नव्हते.