रूथकाकूंचं मागणं

चार-पाच मराठी घरं दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला एकत्र बसायला लागली, की काही वर्षांत किस्से इतके साठतात की कुठला कोणत्या हिवाळ्यातला हेच आठवेनासं होतं. आमचा ग्रुप शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा. बसायचो रूथकाकूंच्या बेसमेंटमध्ये. काकू मूळच्या नगरच्या. तरुणपणी नर्स म्हणून शिकागोला आल्या आणि रिटायर होईपर्यंत नर्सच राहिल्या. शांतवनकाका त्यांचे मिस्टर. गाणी काका सुरू करायचे, प्रार्थना मात्र काकूंची.

काकू देवाला सगळा तपशील द्यायच्या. "प्रभू, पुण्याला कोथरूडमध्ये, डेपोच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हिची आई आहे. तिच्या गुडघ्याकडे बघ. डाव्या." ती आई माझी.

एकदा दीपक, माझा नवरा, हसत म्हणाला, "काकू, देवाला पत्ता माहीत असेल ना?"

"त्याला असेल रे," काकू म्हणाल्या. "मला नको का? कोणासाठी मागतेय ते मला दिसायला पाहिजे."

*

दोन हजार एकच्या शेवटी सगळीकडे लेऑफ सुरू होते. दीपकच्या ऑफिसातला मिलिंद त्यात सापडला. नागपूरचा मुलगा, एकटा राहायचा. आमच्यासारखा ख्रिस्ती नव्हता, चर्चशी त्याचा काही संबंध नव्हता. शुक्रवारी यायचा तो काकूंच्या हातच्या चिकनसाठी. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही जाणार. त्याचे डोळे आत गेले होते.

"काकू, तुमचं वर वजन आहे," तो म्हणाला. "माझ्या जॉबचं जरा बघा ना."

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, या लेकराला आज झोप लागू दे. तुझ्या नावानं मागते. आमेन."

झालं. एवढंच. मिलिंद माझ्या कानाशी कुजबुजला, "वहिनी, मी तर जॉब सांगितला होता."

काकांनी गाणं सुरू केलं. दुसरं कडवं येईपर्यंत मिलिंद सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. काकूंनी खूण केली आणि आम्ही सगळ्यांनी उरलेलं गाणं कुजबुजत म्हटलं. काकांनी त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला तो थेट चिकन गरम करून मागायला.

नोकरी त्याला पुढे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला मिळाली. अजून फोन करतो. म्हणतो, "वहिनी, जॉब माझ्या रेझ्युमेनं मिळवला. ती झोप कुठून आली तेवढं सांगा."

*

एका जानेवारीत दीपक क्लायंटकडून ड्राइव्ह करत परत येत होता आणि बर्फाचं वादळ आलं. त्याचा सेलफोन लागेना. मी नेहाला, आमच्या मुलीला, घेऊन काकूंकडे गेले, कारण घरी बसवेना. ग्रुप जमला. सगळे प्रार्थना करत होते आणि मला एकच वाक्य सुचत होतं, "त्याला घरी आण." तेच परत परत म्हणत होते.

अनोळखी नंबरवरून काकूंच्या घरी फोन आला. दीपक होता.

"घरी कोणी उचलला नाही म्हणून इकडे लावला. गाडी घसरून खड्ड्यात गेली. मला काही झालं नाही. इथे शेतावर एक म्हातारं जोडपं राहतं, त्यांनी घरात घेतलंय. सूप देतायत."

सुटका झाली की माणूस भांडतो म्हणतात ते खरं आहे. "आम्ही इथे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय आणि तू सूप पितोयस?"

"अगं, अजून प्यायलो नाही. आजोबांनी आधी सगळ्यांना हात धरायला लावले. म्हणाले, देवा, या मुलाच्या घरी जे कोणी काळजीत बसलं असेल, त्यांना शांती दे. मग आमेन म्हणाले आणि मला म्हणाले, आता घरी फोन कर."

*

नेहा दुसरीत असताना वर्गातली अमँडा तिला रोज रडवायची. एका शुक्रवारी नेहानं डोळे गच्च मिटून मोठ्यानं मागितलं, "डिअर गॉड, प्लीज मूव्ह अमँडा टू अलास्का."

मी तिला चिमटा काढणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "माग की. पण तिकडे ती राहणार कुठं, तेही माग."

नेहानं घर मागितलं. काकू म्हणाल्या, "थंडी फार असते." नेहानं कोट मागितला, बूट मागितले. "एकटी पडेल गं," काकू म्हणाल्या. नेहानं कुत्रा मागितला. मग एक डोळा उघडून तिनं काकूंकडे पाहिलं.

"ओके," शेवटी म्हणाली, "शी कॅन स्टे."

*

आणि मग काकूंचीच पाळी आली. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्या बाईसाठी आता आम्ही मागायचं होतं आणि आमच्यातल्या कोणालाच धड शब्द सापडत नव्हते. काका तर गाणंही विसरले होते.

ऑपरेशनच्या सकाळी काकांबरोबर मी काकूंच्या खोलीत होते. सर्जन आला. तरुण, उंच, गोरा. काय काय करणार ते समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्याचा हात धरला. "डॉक्टर, आय प्रे फॉर यू. व्हॉट आय शुड आस्क?"

तो ओशाळून हसला. म्हणाला, "ऑपरेशन तुमचं आहे." काकूंनी हात सोडला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"माय मदर," तो हळूच म्हणाला. "मार्गारेट." तिला स्ट्रोक येऊन गेला होता. ओहायोत बहिणीकडे होती. तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती.

काकूंनी मराठीत प्रार्थना केली. ओहायो, बहिणीचं घर, सगळं सांगितलं. डॉक्टर मान खाली घालून उभा होता.

दुपारी तो बाहेर आला. गाठ पूर्ण निघाली होती. कॅन्सर नव्हता. काका खुर्चीत बसले, आणि सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या त्या माणसानं माझ्या डब्यातली गार पोळीभाजी निमूट खाऊन टाकली.

संध्याकाळी आम्हाला काकूंजवळ सोडलं. त्या अजून गुंगीत होत्या. डॉक्टर नाडी बघत होता. काकूंचे ओठ हलले. काका आशेनं वाकले.

"मार्गारेट बोलली का?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरला त्यातलं नाव तेवढं कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं.

तो खिशातून फोन काढत कॉरिडॉरमध्ये गेला. दाराच्या काचेतून तो आम्हाला दिसत होता. फोन कानाला लावलेला, दुसरा हात भिंतीवर टेकलेला. बराच वेळ तसाच उभा होता. बोलत नव्हता. नुसता ऐकत होता.