खुर्चीतून उठवणारे वाघमारे सर

नांदेड, शनिवार

वाघमारे सरांच्या गौरव समितीने लेख मागितल्याला बरेच दिवस झाले. मी साधं कळवलंही नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. अर्धा लेख तयार होता. एका वाक्यापाशी अडले होते.

वाघमारे सरांची माझी पहिली ओळख लातूरच्या आमच्या महाविद्यालयातली. सर शारीरिक शिक्षणाचे संचालक, मी लेखा विभागात नुकतीच लागलेली लिपिक. दुपारी सर कार्यालयात येत आणि बसलेल्या माणसाशी बोलतच नसत.

"खुर्चीला मुळं फुटली काय? उभ्यानं बोला."

आमचे हेडक्लार्क म्हणत, "सर, खुर्ची सोडली की दुसरा येऊन बसतो!"

"बसू द्या की. त्याची बी कंबर धरंल."

हसत हसत सगळे उठत, मैदानाला एक फेरी होई. मी मात्र कामाच्या धास्तीनं जागची हलत नसे. अखेर लेखापरीक्षणाच्या धांदलीत कंबर अशी धरली की वाकून चप्पलही घालता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गंभीर काही नाही, झेपेल तेवढं चालत राहा. घरच्यांनी काळजीपोटी मला पलंगावरून उठूच दिलं नाही. तेव्हा सर त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन भेटायला आले.

"डॉक्टर काय म्हणले?"

"चाला म्हणले."

"मग पलंगावर कुठं चालून राहिलात?"

काकू हसल्या आणि त्यांनीच हात पुढे केला. पुढे कितीतरी संध्याकाळी ती दोघं येत आणि माझ्या मंद चालीनं चालत. सरांनी चमत्काराचा दावा कधी केला नाही. "पुन्हा दुखणारच न्हाई असं मी सांगत न्हाई. दुखली तरी माणूस घाबरत न्हाई, एवढंच," म्हणत. आमच्या ग्रंथपालांच्या पायातलं बळ जाऊ लागलं, तेव्हा व्यायाम न सांगता त्यांना तडक दवाखान्यात नेणारेही सरच.

माझी बदली नांदेडला झाली. इथे मी एकटी राहते. संध्याकाळी सरांचा फोन येई, "चालून झालं का?" ऑफिस सुटल्यावर माझ्याशी कुणी बोललेलं, बहुधा तेवढंच असे. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि फोन थांबले. मी केला तर सर "बरं हाय" म्हणून ठेवून देत.

समितीच्या पत्रात सूचना होती : पंच्याहत्तरीतही सर रोज फिरायला जातात, हे अवश्य लिहावे. खात्री करावी म्हणून आज फोन केला.

"न्हाई बाई. काकू गेल्यापासून बाहेर न्हाई पडलो. खोटं लिहू नका."

"कंबर दुखते का, सर?"

"कंबर चांगली हाय. कोणासंगं चालू?"

मी म्हणाले, "उद्या रविवार आहे. मी येते."

"या. चहा करतो. चालायचं तेव्हा बघू."

रोज फिरण्याचं ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. लातुरात राहणाऱ्या सरांच्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना एक विनंती : सत्काराला तर आपण येऊच, पण त्यानंतरची एखाद्या संध्याकाळीही सरांच्या दारात जावं. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यात सोबत असो.

उद्याचं काम : पहिल्या एसटीनं लातूर.