सगळ्या बोंड्यांना दहापैकी दहा

त्या दिवशी मी जेवढा चिडलो होतो, तेवढा चिडलेला माणूस घाटंजीच्या बाजाराने आजवर पाहिलेला नाही. माझ्या अंगाच्या वाफेने शेजारच्या जिलबीवाल्याची कढई विस्तवावाचून खदखदायला लागली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण ते सोडा. राग खरा होता आणि अजून उतरलेला नाही.

आमच्या आठवडी बाजारात कडुलिंबाच्या झाडाखाली एक बाई आलूबोंडे तळते. जवळच्या तांड्यावरची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून सारा बाजार तिला याडी म्हणतो, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा. बोंडा ती तुमच्यासमोर हाताने फोडते आणि चुलीवर उकळणारी लालभडक तर्री वरून ओतते. ती तर्री साधी नव्हे. एकदा तिचा एक थेंब रस्त्यावर सांडला, तिथे दोन पावसाळे गवत उगवलं नाही. एका एसटी ड्रायव्हरने वाटीभर प्याली, तर मारेगाव येईपर्यंत त्याला हॉर्न वाजवायची गरज पडली नाही, तो स्वतःच बोंबलत गेला. आणि तरी परतीच्या फेरीला त्याने गाडी थांबवून आणखी एक वाटी मागितली. यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे.

तर रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि चुन्याची रेघ याडीच्या चुलीच्या पार पलीकडून गेली. चूल उठणार. उठून जायचं कुठे, तर बाजाराच्या शेवटी, बकऱ्या बांधतात त्याच्याही मागे, जिथे वास असा की माणूस खाल्लेलं विसरतो, नवं काय खाईल!

तेवढ्यात गावातल्या एका हौशी मंडळाने बोंडा-तर्रीची स्पर्धा काढली. पहिल्या नंबराला स्टँडसमोरच्या नव्या रांगेतला पक्का गाळा, वर्षभर बिनभाड्याचा. आणि परीक्षक दोन. एक शहरातून आणलेले पाहुणे, खाण्याचे व्हिडिओ काढणारे. दुसरा मी. माझी लायकी एवढीच की कपाशीचं वावर सोडून माझा उरलेला सगळा जन्म या बाजारात खाण्यात गेला.

मी धावतच याडीकडे गेलो.

"याडी, नाव टाक स्पर्धेत."

"मले नाही जमत ते कागदाचं काम, भाऊ. अन् कागदी कपात घालून द्या म्हन्तात, थंड्या कपात कोणी बोंडा खाते का?"

"अवं, परीक्षक कोण हाय पाह्यलं का?"

तिने झाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत मोजलं. "तू? बापा! मंग तर मी हरलीच."

मी हसलो, तीही हसली. शेवटी माझ्या भरवशावर तिने नाव टाकलं. हे 'माझ्या भरवशावर' मी मुद्दाम लिहितो आहे.

स्पर्धेच्या दिवशी तेवीस जण. मंडळाचा नियम असा की सकाळी दहालाच बोंडा आणि तर्री झाकणाच्या कागदी कपात घालून नंबर लावून द्यायची. आणि चाखणं? भाषणं झाल्यावर. भाषणं दीड वाजता संपली. त्यातलं एक भाषण तर इतकं लांब होतं की सुरू झालं तेव्हा कपाशी बोंडावर होती आणि संपेपर्यंत वेचणी आटोपली. तेवीस कप टेबलावर गार पडले होते, आणि प्रत्येक कपामागे तो बनवणारा हात जोडून उभा.

इथेच माझा घात झाला.

आमच्याकडे लहानपणी पहिला धडा बाराखडीचा नसतो. अन्नाला नाव ठेवू नये, ताटात टाकू नये, आणि रांधणाऱ्याच्या तोंडावर तर जीभ चावून घ्यावी पण वाईट बोलू नये, हा असतो. पहिल्या कपातला बोंडा ओल्या उशीसारखा होता. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "कसा झाला जी?" मी म्हणालो, "वा! झकास!" आणि लिहिले दहा. दुसऱ्यात आलू कच्चा. बनवणारा माझ्या मावशीच्या गावचा निघाला. दहा. तिसऱ्याने "अजून एक घ्याच" म्हणून आग्रह केला, तो मोडला नाही, दोन खाल्ले, दहा. पाहुणे परीक्षक काडीने मुंगीला पुरेल एवढा कण उचलत, जिभेला लावत आणि रुमालात थुंकत. थुंकत! अन्न! रांधणाऱ्यासमोर! मी मात्र एकूण एक कप तळापर्यंत पुसून खाल्ला. सतराव्या कपानंतर माझी जीभ जोड्याच्या तळव्यासारखी झाली होती आणि पोट माझ्या पुढे दोन पावलं चालत होतं.

याडीचा कप विसावा. तर्रीवर तेल गोठून साय धरलेली. बोंडा त्यात भिजून लगदा झालेला. ती माझ्याकडे बघत होती. मी खाल्लं, आणि खोटं कशाला सांगू, मला चवच लागली नाही. दहा तर सगळ्यांनाच देऊन बसलो होतो. म्हणून तिच्यापुढे अकरा लिहिले. मंडळाचा एक माणूस मागून वाकला, "भाऊ, दहाच्या वर नाही देता येत जी," आणि दुसरा एक खोडून त्याचा शून्य केला.

पाहुण्यांनी याडीच्या कपात काडी बुडवली. "यात तेल किती आहे!" म्हणाले आणि दोन लिहिले. ज्या तर्रीवर तेलाचा तवंग नाही, तिला आम्ही तर्री म्हणत नाही, पाणी म्हणतो, आणि त्याने पाय धुतो. पण हे मी तेव्हा मनात म्हणालो. जीभ चावून धरली होती ना!

पहिला नंबर आला तो आत चीज आणि वर मेयोनीज घातलेल्या बोंड्याचा. तो बनवणाऱ्या इसमाने त्या दिवसापर्यंत फक्त मोबाइलची कव्हरं विकली होती, आणि बोंडाही तसाच होता, रबरी.

मग मी उसळलो. स्टेजवर चढलो, माइक हिसकावला. "हा अन्याव हाय! त्या चिकट गोळ्याले बोंडा म्हन्ता? कोण्या गाढवानं याले मार्क देल्ले?"

मंडळाच्या माणसाने शांतपणे माझाच कागद माझ्यापुढे धरला. "तुमीच दहा देल्ले, भाऊ. त्यायलेबी दहा, याडीलेबी दहा. तुमच्याकडून तर सारेच पहिले आले. मंग निकाल लागला तो पाव्हण्यायच्या मार्कावर."

मांडवात हशा पिकला. मी कागद पाहिला. वरपासून खालपर्यंत दहाच दहा, जणू रोपं लावली होती ओळीत. बावीस जणांचं मन राखलं आणि एकीची चूल विझवली. याडीने आपलं तर्रीचं पातेलं उचललं आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली.

घरी आल्यावर भिंतींवर ओरडलो. बायको तूर पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अन्नाले नाव ठेवू नाही म्हन्ता? माह्या वरणात मीठ कमी पडलं त चार घरं ऐकतात. तवा कुठं जाते तुमचं वळण?" मी तिच्यावरही चिडलो.

चुन्याच्या रेघेवर मशीन फिरलं. पुढच्या बाजाराला मी बकऱ्यांच्या मागे गेलो. याडी तिथे बसली होती, दोन दगडांची चूल, गिऱ्हाईक एकही नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल. आमच्याकडे आलेल्याला उपाशी कोणी परत पाठवत नाही, तिनेही पाठवलं नाही. पानावर बोंडा फोडला, तर्री ओतली, पुढे सारली.

मी घास घेतला आणि सवयीने म्हणालो, "वा, याडी! झकास!"

"झकास?"

"एक नंबर!"

तिने झारा कढईच्या काठावर आपटला. "मीठच नाही टाकलं म्या त्यात. कणभर नाही."

माझा घास तोंडातच राहिला. खरंच नव्हतं मीठ. मला कळलंही होतं, पहिल्या घासालाच.

"तुह्या तोंडानं माहा गाळा गेला," ती म्हणाली. "शिव्या नाही देत मी तुले. पण इथं खाशीन त खरं बोलजो. नाहीतर तिकडं जा, गाळ्यात, तिथं वा वा कर."

तिने मिठाची चिमूट तर्रीत टाकली, पळी फिरवली आणि नवा बोंडा फोडला. मी खाल्ला. ती कमरेवर हात ठेवून उभी. आणि घराबाहेर पहिल्यांदाच रांधणाऱ्याच्या तोंडावर मी खरं बोललो.

"तर्री बरी हाय. पण बोंडा कच्चा राह्यला, याडी. घाईनं काढला तू."

"हां," ती म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.