तीन रंगांची बरणी

चकचकीत झिलईचं भांडं दिसलं की अजून मी दोन पावलं मागे सरते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी नागपूरहून अमेरिकेत कॅरीला गेले, तेव्हा तिला सातवा महिना होता. घरात लोणचं ठेवायला धड बरणी नव्हती आणि प्लास्टिकच्या डब्यात लोणचं घालणं मला पटत नाही. म्हणून मागच्या गल्लीत कुणी घरचं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्या गराज सेलमधून मी एक झाकणाची बरणी आणली. पिवळा, हिरवा, तांबूस असे तीन रंग तिच्यावर ओघळलेले. घासून, उन्हात वाळवून तिच्यात लिंबाचं लोणचं भरलं. लेक रोज दहीभाताबरोबर बोटं चाटून खायची आणि मी जावयाकडे ऐटीत बघायची.

महिन्याभराने शेजारच्या चिनी बाई येणाऱ्या बाळासाठी स्वेटर घेऊन आल्या. ओट्यावरची बरणी बघून त्या हसल्या. मी कौतुकाने झाकण उघडून दाखवलं, तर त्यांचं हसू गेलं. लेकीशी त्या इंग्रजीत हळू आवाजात बोलू लागल्या. लेकीचा चेहरा उतरला.

“आई, पूर्वी त्यांच्याकडे अशी भांडी थडग्यात ठेवायला करायचे. ही कॉपी असेल, पण वरच्या चकचकीत ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. मेलेल्या माणसाला ते चालतं, गं.”

आंबट लोणच्यात ते विष उतरणारच, आणि हे तर महिनाभर त्यातच मुरलेलं. आणि वाढणारी मी. जावयाने लगेच फोन उचलून ब्लड टेस्टची अपॉइंटमेंट घेतली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस मी लेकीच्या पोटावर हात ठेवून बसत होते. बाळ जरा वेळ हललं नाही की माझा जीव खालीवर व्हायचा.

लेकीच्या रक्तात शिसं निघालं. थोडंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत थांबलात, बहुतेक काही होणार नाही, पण बाळाच्या मेंदूकडे आणि कानांकडे लक्ष ठेवू. त्या ‘बहुतेक’ची मला भयंकर धास्ती बसली.

नात आता नऊ महिन्यांची आहे, आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांत ठणठणीत. घरातले सगळे ते प्रकरण विसरले. मी नागपूरहून व्हिडिओ कॉल करते, तेव्हा आधी तिला हाक मारते. ती वळून बघते.

“आई, झालं ना? बघितलं ना तिने?” लेक म्हणते.

मी हो म्हणते आणि पुन्हा एकदा हाक मारते.