मी न घेतलेलं नाव

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्मे हसण्यावारी नेतो. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... राजारामपुरीत आमचं भांड्यांचं दुकान. वडील म्हणायचे, भूत असलं तरी गिऱ्हाईक होऊन येऊ दे, एखादं पातेलं तरी खपेल. मीही त्याच वळणाचा. आजसुद्धा कुणाच्या अंगात आलं म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला एवढी वर्षं लागली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते काही खरं नाही. यात भिण्यासारखं फारसं नाहीच. लाज वाटण्यासारखं आहे, आणि ती लाज माझी आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी संगीतात एम.ए. करून विद्यापीठातच तासिकांवर शिकवत होतो. विभागाचं आणि पाहुण्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही. आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा बाहेरचे कलाकार यायचे. दोन दिवस सकाळी विद्यार्थ्यांची कार्यशाळा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सभागृहात मैफल. पाहुणा गायक असला की कार्यशाळेतून एकाला निवडायचा आणि मैफलीत मागं तानपुऱ्यावर बसवायचा. नुसता तानपुरा छेडायला नाही, मधे मधे सूर द्यायला, स्वरसाथ करायला. ज्याला ते मिळायचं तो वर्षभर छाती काढून हिंडायचा. आधीच्या दोन पाहुण्यांच्या मागं मी बसलो होतो. तिसऱ्यांदाही मीच, हे मी धरूनच चाललो होतो. झब्बा इस्त्रीलासुद्धा टाकला होता... काय सांगायचं.

त्या वेळी धारवाडच्या एक बाई आल्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला फक्त सा लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "तुझा आवाज बोलायला छान आहे रे." पोरं हसली. ज्यांना मी शिकवत होतो, तीच पोरं.

मग पहिल्या वर्षाची करुणा कांबळे उठली. गडमुडशिंगीहून बसनं यायची. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. कधी मान वर करून न बोलणारी पोरगी. तिनं सा लावला आणि बाई पुढं सरकून बसल्या. परत लाव म्हणाल्या. मग परत. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ही माझ्या मागं बसणार. हिचा कान बघा. तानपुरा केसभर उतरला होता, तुम्हाला कुणाला कळलं नाही, हिनं सूर लावता लावता खुंटीकडं बघितलं." आणि माझ्याकडं वळून, "तू निवेदन कर. बोलायला छान आहेस."

दुपारी घरी जेवताना मी आईवर खेकसलो. भाजी अळणी आहे म्हणून. अळणी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पाचव्या रांगेत करुणाचे वडील. शिफ्ट बदलून आलेले, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांच्याबरोबर टेम्पो करून आलेली भावकी, बाया-माणसं मिळून चौदा जण. मी मोजले होते. माझ्या हातात साथीदारांच्या नावांची चिठ्ठी होती. चौथं नाव 'कु. करुणा कांबळे'. विंगेत उभा असताना मी खिशातलं पेन काढलं आणि त्या नावावर आडवी रेघ मारली. कुणी बघितलं नाही. तेव्हा मनात नक्की काय होतं ते आज लिहितो, कारण नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही. बाईंचा राग होता, पोरीचा हेवा होता, आणि आमच्या नावांच्या ओळीत 'कांबळे' कशाला, हेही होतं. ते शेवटचं मी बरीच वर्षं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

निवेदन सुरू केलं. तबल्यावर अमुक, हार्मोनियमवर तमुक, एका तानपुऱ्यावर तमुक. नाव घेतलं की तो कलाकार हात जोडतो आणि लोक टाळ्या वाजवतात, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या नावाच्या टाळ्या संपत आल्या तशी करुणानं तानपुऱ्यावरचा हात काढला. दोन्ही हात छातीशी आणले... पाचव्या रांगेत चौदा माणसं टाळ्यांसाठी सरसावून बसली. आणि मी म्हणालो, "तर मंडळी, सुरुवात करूया."

तिचे हात तसेच अर्धे जुळलेले राहिले. मग तिनं ते परत तानपुऱ्यावर नेले. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सूर लावला. शेवटी आभारही मीच मानले. तेव्हाही नाव घेता आलं असतं. नाही घेतलं. विसरलो नव्हतो.

विभागप्रमुख मैफलीच्या दिवशी परगावी होते. आठवड्यानं त्यांनी मला खोलीत बोलावलं. तिथं करुणा उभी, शेजारी तबल्याचे सर. प्रमुख म्हणाले, "ही म्हणते, तू मुद्दाम हिचं नाव गाळलंस."

मी म्हणालो, "घेतलं होतं की सर. हिला ऐकू आलं नसेल. स्टेजवर माणूस घाबरलेला असतो."

इतकं सहज तोंडातून गेलं की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तबल्याचे सर म्हणाले, मी तबला जुळवत होतो, माझं लक्ष नव्हतं. करुणा म्हणाली, "नाही घेतलं सर. आमच्या घरची सगळी होती. नाही घेतलं."

"मग टेपच ऐकू," प्रमुख म्हणाले.

प्रत्येक मैफल आम्ही कॅसेटवर घ्यायचो आणि ती प्रमुखांच्या कपाटात कुलपात असायची, हे मी रागाच्या भरात साफ विसरलो होतो. नोकरी गेली, हे मी तिथल्या तिथं धरलं. त्यांनी कॅसेट लावली. खरखर, खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग माझा आवाज. तबला, टाळ्या. हार्मोनियम, टाळ्या. पहिला तानपुरा, टाळ्या. आणि मग माझाच आवाज, मधे घसा खाकरतो तसा खाकरून...

"तानपुरा आणि स्वरसाथ, कुमारी करुणा बाबूराव कांबळे, गडमुडशिंगी."

आणि टाळ्या. बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ. त्यात कुणीतरी मारलेली एक शिट्टी.

हे मी बोललो नव्हतो. त्या सभागृहात शिट्टी वाजली नव्हती. आणि तिच्या वडलांचं नाव बाबूराव आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चिठ्ठीवर नव्हतं, माझ्या हजेरीपत्रकात 'कांबळे क. बा.' एवढंच होतं.

करुणाचं तोंड उतरलं. "परत लावता का सर?" प्रमुखांनी लावली. "अजून एकदा?" तिसऱ्यांदा ऐकून तिनं स्वतःच्या कानाला हात लावला, काही दुखतंय का बघावं तसा. प्रमुख वाईट माणूस नव्हते, पण बोलून गेले, "गाणाऱ्याचा कान असा दगा द्यायला लागला तर अवघड आहे बाळ."

तिनं माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं सर. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

महिन्याभरात तिनं येणं बंद केलं. तिच्या मैत्रिणीला मी विचारलं. ती म्हणाली, "करुणा म्हणते, स्वतःचं नाव घेतलेलं जिला ऐकू येत नाही, तिला सूर काय कळणार? तिनं तानपुरा शिवायचाच सोडला." मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं. हेही लिहितो.

मधे सात-आठ वर्षं गेली. प्रमुख निवृत्त झाले, कपाट रिकामं करताना जुन्या कॅसेटी फेकायला काढल्या. ती एक मी उचलून घरी आणली, दार लावून ऐकली. नाव होतं. शिट्टीही होती. विंगेतली चिठ्ठीसुद्धा माझ्याजवळ होती, रेघ मारलेली. फेकायचं कधी धाडस झालं नव्हतं. कुणी माझा आवाज काढला असेल का? कुणी मधे भरलं असेल का? कुलपातली कॅसेट, आणि कोण कशाला करेल? मग मलाच वेड लागलंय का, मी खरंच नाव घेतलं होतं आणि विसरलो? तसं असतं तर सुटलोच असतो. पण ती रेघ माझ्या पेनाची होती.

एका रविवारी कॅसेट खिशात घातली आणि स्कूटर काढली. करुणाला सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच निघालो. गडमुडशिंगीत घर विचारत गेलो. ती बाहेर गेली होती, राजारामपुरीतच एका दवाखान्यात कामाला होती आणि रविवारीही अर्धा दिवस असायचा. बाबूराव घरी होते. कानाला जड झालेले, फाउंड्रीतल्या दणदणाटानं. मी ओरडून नाव सांगितलं तसे उठूनच उभे राहिले.

"मगदूम सर? या की, या. बसा. अगं, सर आल्यात. शिरा कर, त्यांच्यात कांदा चालत न्हाई."

मी मोठ्यानं म्हणालो, "बाबूराव, त्या मैफलीचं बोलायला आलोय. नावाचं."

"मी म्हनतोच की पोरीला," ते म्हणाले. "सरांनी नाव घेतलं म्हणून."

"अहो, तसं नाही..."

"मला ऐकू आलतं की सर. करुणा बाबूराव कांबळे. माझंबी नाव घेतलासा. तवा बी मी असाच बहिरा, मिशिनीपुढं उमर गेली. ही म्हणती, कुटं घेतलं? भावकी म्हणती, न्हाईच घेतलं. चौदा माणसं, चांगल्या कानाची, आन् कुणालाच ऐकू न्हाई. बहिऱ्याला तेवढं आलं. मी शिट्टीबी मारलती."

त्यांची बायको शिऱ्याची ताटली घेऊन आली. "न्हाई मारली," ती हळूच म्हणाली. "हे गप बसलंते. डोळ्यात पाणी हुतं."

"काय म्हणती?" त्यांनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "तिला काय कळतंय. सर, फाउंड्रीत तीस वर्सं काढली, मला समदी 'ए कांबळ्या' म्हनायची. मायकावर माझं नाव कुणी घेतलं न्हवतं. तुम्ही घेतलासा. खावा की, गार हुतंय."

मी शिरा खाल्ला. साजूक तुपातला होता. सगळा खाल्ला. या माणसाकडून हे कसं काढून घेऊ, असं तेव्हा स्वतःला म्हणालो. म्हटलं, याच्यासाठी गप्प बसतोय.

तेवढ्यात करुणा आली. मला बघून थबकली, नमस्कार केला. माझं निघायचं झालं तेव्हा ती स्कूटरपर्यंत पोहोचवायला आली. आई-वडील आत. रस्त्यावर आम्ही दोघंच. म्हणजे गप्प बसायला आता कुणाचंच निमित्त नव्हतं.

"सर, एक विचारू? तुम्ही घेतलं होतं माझं नाव?"

खिशातल्या कॅसेटवर माझा हात गेला. "टेपवर आहे की करुणा. तू तीनदा ऐकलंस."

"टेपला नाही विचारलं सर. तुम्हाला विचारलं."

ती माझ्याकडं सरळ बघत होती. रागानं नाही. तिला फक्त एक माहिती हवी होती, तिच्या कानाची.

मी म्हणालो, "घेतलं होतं."

"बरं," ती म्हणाली. "सावकाश जावा सर, पुढं रस्त्यावर खडी टाकलीय."

कॅसेट अजून आहे. लावायला यंत्र उरलेलं नाही, आणि असतं तरी मी लावली नसती. तो आवाज कुणाचा, तो माझ्या तोंडातून न निघता टेपवर कसा आला, बाबूरावांना कसा ऐकू आला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. जे कुणी होतं त्यानं माझ्या वतीनं चांगलंच केलं असणार, आणि मी त्याचाच वापर करून एका पोरीचं गाणं संपवलं. कुणाला काही कळत असेल तर सांगा. पण मी हे उत्तरासाठी लिहिलेलं नाही. ती दवाखान्यात कॉम्प्युटरवर असते असं कानावर आलंय. वाचत असेल किंवा नसेल.

करुणा, तुझा कान पक्का होता. मी नाव घेतलं नव्हतं.